दीक्षित पाळक आणि अदीक्षित सेवक : प्रॉटेस्टंट मंडळीतील सेवेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीत कोणी काय करायचे आणि कोणाला काय करता येत नाही, यावरून जितके गैरसमज होतात तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असतील. पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्या एका साच्यातल्या नाहीत, म्हणून फरक असेल तिथे पंथाचे नाव घेऊन सांगितले आहे. तुमच्यापुरता शेवटचा शब्द तुमच्या मंडळीच्या घटनेचा. ती सेक्रेटरींकडून मागून घ्या आणि वाचा.

१. पाळकाला दीक्षा मिळते, म्हणजे नेमके काय होते?

वचनाचा उपदेश करणे, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे विधी चालवणे आणि कळपाची राखण करणे यासाठी मंडळी एका व्यक्तीला जाहीरपणे नेमते. यालाच दीक्षा किंवा ऑर्डिनेशन म्हणतात. तिचा गाभा दोनच गोष्टींचा आहे: प्रार्थना आणि हात ठेवणे. यरुशलेमेतल्या सात सेवकांवर प्रेषितांनी हात ठेवले (प्रेषितांची कृत्ये ६:६), तीमथ्यावर वडीलवर्गाने (१ तीमथ्य ४:१४). झगा, स्टोल, प्रमाणपत्र या गोष्टी नंतरच्या आहेत.

क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. उमेदवाराला मंडळीपुढे उभे करतात, त्याची निवड रीतसर झाल्याचे सांगतात, विश्वास आणि आचरणाबद्दल प्रश्न विचारतात, मंडळीची संमती घेतात, मग प्रार्थना करून हात ठेवतात आणि बायबल हातात देतात. संमतीच्या वेळी लोक मोठ्याने होकार देतात. तो उपचार नाही. तो होकार नसेल तर पुढची प्रार्थना कोणाच्या वतीने चालली आहे, हा प्रश्न उरतोच.

हात कोण ठेवतो यात फरक आहे. अँग्लिकन परंपरेत डीकनवर फक्त बिशप हात ठेवतात, प्रेसबिटरच्या, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या पाळकाच्या, दीक्षेत मात्र जमलेले इतर प्रेसबिटरही बिशपांबरोबर ठेवतात. प्रेसबिटेरियन मंडळ्यांत हे काम प्रेसबिटरीचे, म्हणजे त्या भागातल्या पाळक-वडिलांच्या सभेचे. बाप्तिस्त मंडळ्यांत स्थानिक मंडळीच नेमते आणि शेजारच्या मंडळ्यांच्या पाळकांना बोलावून घेते.

२. सर्व विश्वासणारे याजक आहेत, तर मग वेगळा पाळक कशाला?

हा प्रश्न पाचशे वर्षांचा आहे आणि त्याचे उत्तर देणाऱ्यानेच तो उभा केला. १५२० साली लूथरने जर्मन सरदारांना उद्देशून लिहिताना सांगितले की, चांभार, लोहार, शेतकरी या सगळ्यांचा बाप्तिस्म्याने याजकपणात समान वाटा आहे. फरक दर्जाचा नाही, कामाचा आहे. आधार १ पेत्र २:९ चा, 'राजकीय याजकगण' हा.

पण त्याच लिखाणात पुढची गोष्टही आहे, आणि ती सांगायची राहून जाते. त्याने दाखला दिला तो राजाच्या दहा मुलांचा. दहाही वारस, दहाही सारखे. ते आपल्यातल्या एकाला वारशाची व्यवस्था पाहायला निवडतात. निवडलेला इतरांहून मोठा होत नाही, पण न निवडलेल्याने आपण होऊन ती जागा बळकवायची नसते. जे सर्वांचे आहे ते सर्वांच्या संमतीवाचून एकट्याने उचलायचे नाही. लूथरन मंडळ्यांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासकबुलीचे चौदावे कलम हेच थोडक्यात सांगते: रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी जाहीर उपदेश करू नये आणि विधी चालवू नयेत.

म्हणून मंडळीतल्या कोणत्याही सेवेबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात. कोणी नेमले? कशासाठी? किती काळासाठी? खालच्या बऱ्याच उत्तरांत हेच तीन प्रश्न पुन्हा भेटतील.

३. वडील आणि डीकन हे दीक्षित असतात की अदीक्षित?

पंथ विचारल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही.

काल्व्हिनने १५४१ साली जिनिव्हात मंडळीची व्यवस्था लावताना चार पदे ठरवली: पाळक, शिक्षक, वडील, डीकन. त्याच वळणाच्या बहुतेक प्रेसबिटेरियन मंडळ्यांत वडिलांनाही दीक्षा असते. शिकवणारे वडील म्हणजे पाळक, कारभार पाहणारे वडील म्हणजे सभासदांतून निवडलेले. सेशनमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीच्या पाळक-वडिलांच्या सभेत, दोघांचे मत सारखे. तेव्हा तिथे 'दीक्षित म्हणजे पाळक' हे समीकरण चुकते.

अँग्लिकन मंडळ्यांत डीकन, प्रेसबिटर, बिशप अशी तीन पदे आहेत आणि तिन्ही दीक्षित. डीकन बाप्तिस्मा देऊ शकतात, उपदेश करू शकतात, पण प्रभुभोजनात अर्पणाची प्रार्थना (भाकर व द्राक्षारसावरची मुख्य प्रार्थना) चालवू शकत नाहीत. बाप्तिस्त मंडळ्यांतले डीकन मात्र बहुधा आपापला नोकरीधंदा सांभाळून मंडळीचा कारभार आणि गरजूंची सेवा पाहणारे सभासद असतात. शब्द एक, कामे दोन. दुसऱ्या पंथातून आलेल्या कुटुंबांचा गोंधळ नेमका इथे होतो.

क्वेकर आणि प्लिमथ ब्रदरन मंडळ्यांत दीक्षित पाळकवर्गच नाही. साल्व्हेशन आर्मीत अधिकारी नेमले जातात, पण ते बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी पाळत नाहीत.

४. दीक्षा नसताना उपासनेत मी काय काय करू शकतो?

शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, गीते चालवणे, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, घरगुती प्रार्थनासभा, उपासनेचे संचालन, हे सगळे. परवाना असेल तर उपदेशही (प्रश्न ५). प्रभुभोजनात भाकर आणि प्याला वाटायला मदत करणेही बहुतेक मंडळ्यांत चालते. अडते ते मुख्यतः तीन ठिकाणी: प्रभुभोजन चालवणे (प्रश्न ७), पापक्षमेची घोषणा आणि आशीर्वचन (प्रश्न ६).

५. पाळक नसलेल्या माणसाने उपदेश केलेला चालतो का? तयारी कशी करावी?

चालतो, आणि मेथडिस्ट चळवळ तर त्यावरच उभी राहिली. तिचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या गैरहजेरीत टॉमस मॅक्सफील्ड हा दीक्षा नसलेला सहकारी लंडनमध्ये उपदेश करू लागला. वेस्ली त्याला थांबवायला धावत आला. त्याची आई सुझॅना हिने त्याला सांगितले की, आधी स्वतः ऐक, फळ पाहा आणि मग ठरव. वेस्लीने ऐकले आणि मॅक्सफील्डला थांबवले नाही. मेथडिस्ट मंडळ्यांत स्थानिक प्रचारक आजही व्यासपीठाचा मोठा भार उचलतात. इंग्लंडच्या चर्चने १८६६ साली 'रीडर' हे पद पुन्हा सुरू केले, तेही अदीक्षितांसाठीच.

हा हक्क सगळीकडे सहज मिळाला नाही. डेन्मार्क-नॉर्वेत १७४१ च्या कायद्याने पाळकाच्या देखरेखीशिवाय प्रार्थनासभा घेण्यास बंदी होती. शेतकरी उपदेशक हान्स नील्सन हाउगे याला त्यापायी १८०४ पासून अनेक वर्षे कैदेत काढावी लागली. नॉर्वेत तो कायदा १८४२ साली रद्द झाला. आज परवान्यासाठीचा फॉर्म भरताना कंटाळा येतो, तेव्हा हे आठवावे.

रीत साधारण अशी: पाळक किंवा कमिटीची शिफारस, अनुभवी प्रचारकाबरोबर काही काळ उमेदवारी, अभ्यासक्रम, ऐकणाऱ्यांचा अहवाल, मग ठरावीक मुदतीचा परवाना. परवाना त्या धर्मप्रांतापुरता किंवा सर्किटपुरता (मेथडिस्ट मंडळ्यांच्या स्थानिक गटापुरता) असतो. दुसरीकडे गेलात की पुन्हा विचारायचे.

तयारीबद्दल. वीस मिनिटांचा उपदेश म्हणजे मिनिटाला १०० ते १२० शब्द धरले तर २,००० ते २,४०० शब्द. नवा माणूस याच्या दुप्पट लिहून आणतो आणि मग शेवट घाईत गुंडाळतो. एकच उतारा घ्या. सोमवारी तो मोठ्याने तीनदा वाचा, उताऱ्याच्या आधीचे आणि नंतरचे प्रकरणही वाचा, आणि 'हा उतारा काय सांगतो' हे एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल तर उपदेश अजून तयार नाही. गुरुवारपर्यंत लिखाण संपवा आणि शनिवारी घड्याळ लावून उभ्याने म्हणून पाहा. सर्वांत जास्त बिघडते ते इथे: शेजाऱ्याचा किंवा सभासदाचा प्रसंग नाव न घेता दाखला म्हणून वापरला जातो आणि सगळ्यांना तो कोणाचा ते कळते. असा दाखला त्या माणसाच्या परवानगीशिवाय वापरू नका.

६. संचालन करताना शेवटी आशीर्वाद देता येतो का?

अँग्लिकन आणि बऱ्याच लूथरन मंडळ्यांत आशीर्वचन दीक्षित पाळकच देतात. अदीक्षित संचालकाने २ करिंथ १३:१४ ची कृपाप्रार्थना म्हणायची असते, आणि ती स्वतःला धरून. पाळक म्हणतात, 'तुम्हा सर्वांबरोबर असो.' संचालक म्हणतो, 'आपणा सर्वांबरोबर असो.' पाळक हात उंचावतात, संचालक जोडलेलेच ठेवतो.

मराठीत इथे एक अडचण आहे. 'आपण' हा शब्द आदरार्थी 'तुम्ही' म्हणूनही ऐकू येतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला फरकच कळत नाही. 'आम्हा सर्वांबरोबर असो' म्हटले की संदिग्धता राहत नाही, शिवाय ते वाक्य देवाला उद्देशून आहे हेही स्पष्ट होते. पापक्षमेच्या घोषणेबाबतही हेच: 'तुमच्या पापांची क्षमा झाली आहे' असे न म्हणता 'आमच्या पापांची क्षमा कर' अशी प्रार्थना करावी. बाप्तिस्त आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत हे भेद बहुधा पाळत नाहीत.

७. पाळक येऊ शकले नाहीत, तर वडिलांनी प्रभुभोजन चालवावे का?

अँग्लिकन, लूथरन आणि प्रेसबिटेरियन मंडळ्यांत साधारण नियम म्हणून, नाही. त्या रविवारी वचनाची उपासना घ्यावी आणि प्रभुभोजन पुढे ढकलावे. प्रभुभोजन एक आठवडा पुढे गेल्याने कोणाचे तारण अडत नाही. पण 'एकदा केले तर काय बिघडले' म्हणून केलेली गोष्ट पुढे वर्षानुवर्षे भांडणाचे कारण ठरते.

कारण अधिकाराचे आहे, जादूचे नाही. पाळकाच्या हातात काही वेगळी शक्ती असते असे प्रॉटेस्टंट शिक्षण नाही. जो वचन सांगतो आणि कळपाला ओळखतो, त्यानेच मेज मांडावे, आणि मेज एका गटाचे न होता सगळ्या मंडळीचे राहावे, म्हणून हा नियम.

अपवाद आहेत. ब्रिटिश मेथडिस्ट मंडळीत पाळकांच्या कमतरतेमुळे लोक प्रभुभोजनाला मुकत असतील, तर कॉन्फरन्स, म्हणजे तिची सर्वोच्च सभा, एखाद्या अदीक्षित व्यक्तीला नाव घेऊन, ठरावीक जागेपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती परवानगी देते. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट मंडळीत परवानाधारक स्थानिक पाळक दीक्षा नसतानाही नेमलेल्या जागी विधी चालवू शकतात. बाप्तिस्त मंडळीत मंडळीने सांगितलेला कोणीही सभासद चालवू शकतो. सिडनीच्या अँग्लिकन धर्मप्रांतात अदीक्षितांना ही मुभा द्यावी का, यावर कित्येक वर्षे वाद चालला. काही अँग्लिकन मंडळ्यांत आधीच्या उपासनेत पाळकांनी अर्पण केलेली भाकर व द्राक्षारस परवानगी असलेला सेवक दुसऱ्या ठिकाणी नेऊन वाटतो. त्यात तो अर्पणाची प्रार्थना पुन्हा म्हणत नाही, आणि हे लोकांना आधीच नीट सांगावे लागते.

८. बाळ अत्यवस्थ आहे, पाळक पोहोचत नाहीत. आम्हीच बाप्तिस्मा दिला तर तो धरतात का?

लूथरन आणि अँग्लिकन मंडळ्या धरतात. पाणी हवे आणि शब्द हवेत. बाळाचे नाव घ्या, डोक्यावर तीनदा पाणी घाला आणि म्हणा: 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.' स्त्रीने दिला तर 'देते'. पाणी कातडीवरून वाहिले पाहिजे, कापडावरून पुसून भागत नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल तर आधी नर्सला विचारा. कोमट केलेले, निर्जंतुक पाण्याचे काही थेंब पुरतात. त्यानंतर प्रभूची प्रार्थना म्हणा.

मग लगेच लिहून ठेवा: नाव, तारीख, वेळ, जागा, कोणी दिला, कोण हजर होते. हे न केल्यामुळे पुढे सर्वाधिक त्रास होतो. पाळकांना कळवा, रजिस्टरमध्ये नोंद होईल. बाळ बरे झाले तर त्याला मंडळीत आणून स्वीकाराचा विधी करतात, बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. शब्द नीट म्हटले गेले की नाही अशी खरीच शंका असेल, तर अँग्लिकन पाळक 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' अशा अटीच्या शब्दांनी देतात.

रिफॉर्म्ड आणि प्रेसबिटेरियन परंपरेत उत्तर उलटे आहे. सुईणींनी दिलेल्या बाप्तिस्म्याला काल्व्हिनचा विरोध होता, आणि १६४० च्या दशकातली वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली विधी दीक्षित सेवकानेच चालवावेत असे म्हणते. पण त्यामागचा विचार आईबापांना धीर देणारा आहे: विश्वासणाऱ्यांचे बाळ देवाच्या वचनाखाली आहेच, बाप्तिस्मा राहून गेला म्हणून ते हरवत नाही. तिथे बाळाला हातात घ्या आणि प्रार्थना करा. बाप्तिस्त मंडळ्या तर बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत.

९. ज्या पाळकांनी माझा बाप्तिस्मा केला, ते पुढे गैरवर्तनामुळे काढले गेले. माझा बाप्तिस्मा रद्द होतो का?

नाही. नालायक सेवकाचे विधी खोटे मानणाऱ्या उत्तर आफ्रिकेतल्या दोनातवाद्यांशी झालेल्या वादात बिशप ऑगस्टीनने हे मांडले, आणि अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांपैकी २६ वे कलम हेच सांगते: सेवक नालायक असला तरी विधी निष्फळ होत नाही, कारण तो ख्रिस्ताच्या नावाने केलेला असतो. मात्र तेच कलम पुढे सांगते की अशा सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून दूर करावे. पहिला अर्धा भाग सांगून दुसरा झाकायचा, हा कलमाचा आणि ज्यांना दुखावले गेले त्यांचाही अवमान आहे.

१०. मला पाचारण झाले आहे असे वाटते. पुढे काय करू?

पाळकांशी बोला, पण घाईने नोकरी सोडू नका. आतले पाचारण आणि मंडळीचे पाचारण अशी दोन्ही लागतात. सर्वसाधारण टप्पे: स्थानिक मंडळीत काही वर्षांची दिसणारी सेवा, पाळक व कमिटीची शिफारस, निवडमंडळापुढे मुलाखत, वैद्यकीय व चारित्र्य तपासणी, बहुधा तीन ते चार वर्षांचा धर्मशास्त्राचा अभ्यास, उमेदवारीचा काळ, परीक्षा, दीक्षा. धर्मशास्त्राची पदवी म्हणजे दीक्षा नव्हे. पदवी असून मंडळीने न बोलावलेली माणसे आहेत, आणि नकार मिळाला म्हणून तुमची सेवा संपत नाही.

पौल तंबू करण्याचा धंदा करत होता (प्रेषितांची कृत्ये १८:३). नोकरी सांभाळून पाळकपण करणारे आजही आहेत. त्यात आठवड्याचे तास लेखी ठरवून घ्या, नाहीतर कुटुंबाचा वेळ सर्वांत आधी जातो.

११. स्त्रियांना दीक्षा मिळते का?

अनेक मंडळ्यांत मिळते, काहींत नाही. अमेरिकेत अँटोइनेट ब्राउन यांना १८५३ साली काँग्रिगेशनल मंडळीत दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीतल्या पहिल्या स्त्री प्रेसबिटर फ्लॉरेन्स ली टिम-ओई, १९४४. युद्धामुळे त्यांच्या लोकांपर्यंत प्रेसबिटर पोहोचू शकत नव्हते, आणि प्रभुभोजनाची ती गरजच त्या दीक्षेचे कारण ठरली. इंग्लंडच्या चर्चमध्ये १९९४ पासून स्त्रिया प्रेसबिटर आहेत, २०१५ पासून बिशपही. उलट दिशेचीही उदाहरणे आहेत: सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनने २००० साली पाळकाचे पद पुरुषांपुरते असल्याचे आपल्या विश्वासकबुलीत लिहिले, आणि लाटव्हियाच्या लूथरन मंडळीने २०१६ साली स्त्रियांची दीक्षा घटनेतूनच काढली.

१२. पाळक आणि कमिटी यांच्यात शेवटचा शब्द कोणाचा?

विषयावर अवलंबून. उपासना आणि विधी हा पाळकांचा प्रांत, पैसा आणि मालमत्ता कमिटीचा, सभासदत्व आणि शिस्त बहुधा दोघांचा मिळून. प्रेसबिटेरियन सेशनचे अध्यक्ष पाळक असतात, पण ते सेशनचे मालक नव्हेत.

भांडणाचे मूळ बहुतेक वेळा पैशांच्या हाताळणीत असते. दानपेटी दोघांनी मोजावी, ते एका घरातले नसावेत, आकडा त्याच दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करावी. चेकवर दोन सह्या असाव्यात, आणि पाळकांनी एकट्याने सही करण्याची व्यवस्था कधीच नसावी. हे पाळकांवरच्या संशयापोटी नाही, त्यांच्या रक्षणासाठी आहे. वडिलांची मुदतही ठरवा. तीच माणसे वीस वर्षे बसली की नवे पाळक कितीही चांगले असले तरी टिकत नाहीत.

१३. मी सांगितलेली गोष्ट पाळक किंवा वडील गुप्त ठेवतील ना?

इंग्लंडच्या चर्चमध्ये विधिपूर्वक केलेल्या पापकबुलीची गुप्तता १६०३ च्या नियमावलीतील ११३ व्या नियमाने प्रेसबिटरवर बंधनकारक आहे. अदीक्षित सेवकाला असे चर्च-कायद्याचे कवच नसते. म्हणून भेटीला जाणाऱ्या सेवकाने 'कोणालाच सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये. म्हणावे: 'ही गोष्ट माझ्यापाशी राहील, पण कोणाच्या जिवाला किंवा मुलाला धोका असेल तर मला सांगावे लागेल.' हे ऐकणाऱ्याने गोष्ट उघड करण्यापूर्वी सांगायचे असते, नंतर नाही. प्रार्थनेच्या यादीत नाव घालण्यापूर्वीही विचारा. बातमी फुटते ती बहुधा तिथूनच.

१४. दुसऱ्या पंथातून आलेल्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यावी लागते का?

मंडळ्यांमधल्या करारावर अवलंबून. १९४७ साली दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली तेव्हा सामील होणाऱ्या सर्व मंडळ्यांच्या पाळकांना पुनर्दीक्षेशिवाय स्वीकारले, आणि पुढच्या सर्व दीक्षा बिशपांच्या हातून होतील असे ठरले. १९७० साली उत्तर भारत मंडळीने वेगळी वाट घेतली: सर्वांनी परस्परांवर हात ठेवून सेवांचे एकीकरण केले. युरोपात १९७३ च्या लॉयेनबर्ग कराराने लूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांची दीक्षा मान्य केली. करार नसेल तिथे काही मंडळ्या पुन्हा दीक्षा देतात, काही फक्त परीक्षा घेऊन नेमणूक करतात.

१५. निवृत्त पाळक आमच्या घरचे लग्न लावू शकतात का?

त्यांची दीक्षा संपत नाही, नेमणूक संपते. सध्याच्या पाळकांची संमती आधी घ्या, आणि विनंती निवृत्त पाळकांनी नव्हे, कुटुंबाने करावी. लग्नाच्या बाबतीत देशाच्या कायद्याने दिलेला परवाना त्यांच्याकडे अजून चालू आहे का तेही पाहा. चर्चचा विधी झाला म्हणजे कायद्याने लग्न झालेच असे नाही.

१६. पाळकांची जागा दीड वर्ष रिकामी आहे. एक वडीलच सगळे पाहतात. हे चालेल का?

काही महिने चालते, दीड वर्षाने मात्र ते वडील थकतात किंवा नकळत पाळक होऊन बसतात. दोन्ही वाईट. जवळच्या पाळकांना हंगामी अध्यक्ष म्हणून वरच्या मंडळाकडून लेखी नेमून घ्या. तीन महिन्यांचे वेळापत्रक लावा: उपदेश कोणाचा, प्रभुभोजनाला बाहेरचे पाळक कोणत्या रविवारी, आजाऱ्यांच्या भेटी कोणाकडे, अंत्यविधीसाठी रात्री फोन कोणाला. या शेवटच्या ओळीत दोन नावे हवीतच. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरे सेक्रेटरींच्या ताब्यात कुलपात ठेवा आणि प्रत्येक नोंदीवर विधी करणाऱ्या पाळकांची सही त्याच दिवशी घ्या. नवे पाळक आले की त्या वडिलांचे आभार मंडळीसमोर माना, आणि त्याच उपासनेत त्यांची हंगामी जबाबदारी संपल्याचे जाहीरही करा.